संघाचा एकमेव वकील

रौतालाहती गावाच्या आइस हॉकी संघाला वकिलाची गरज आहे, असं त्या संघातल्या कुणालाही कधी वाटलं नव्हतं. कालेर्वोला वाटलं, आणि बावीस वर्षं त्याने ते काम इमानेइतबारे केलं. माणूस निवृत्त बसचालक. गावच्या वर्तमानपत्रात वाचकांचे मेसेज छापतात, तिथे हा रोज हजर: आपला बचाव पोलादी आहे, राजधानीतले तज्ज्ञ आंधळे आहेत, आणि पंचांबद्दल तर बोलायलाच नको. सकाळी पोहण्याच्या तलावावरच्या सौनातही, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायच्या खोलीतही, तेच. वरच्या बाकावर मंडळी घाम गाळत बसलेली असायची, आणि याचा युक्तिवाद दगडांवरच्या वाफेपेक्षा जास्त चटके द्यायचा. त्याच्यामुळे कुणाचं मत बदलल्याचं ऐकिवात नाही.

यंदा संघ उपांत्य फेरीत आला आणि सात सामन्यांच्या मालिकेत एक विरुद्ध तीन असा मागे पडला. कालेर्वो बाह्या सरसावून बसला, पण संघाला नावं ठेवायलाही कुणी पुढे येईना. राजधानीच्या वर्तमानपत्राने दोन ओळींत विषय संपवला होता. गावाने तर आधीच हात टेकले होते. आरोपच नाही तर वकिलाने उभं कशासाठी राहायचं?

मग त्याने बायकोचा, सिल्वीचा, जुना फोन घेतला आणि ‘वास्तववादी’ या नावाने लिहिलं की, हे खेळाडू नाहीत, बाजाराला निघालेल्या आजीबाई आहेत आणि कप्तान त्यांची पिशवी धरतो. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नावाने सणसणीत उत्तर द्यायचं, असा बेत होता. उत्तर लिहूनही ठेवलं होतं.

पण मेसेज छापून आला त्याच संध्याकाळी संघ पाच-शून्यने जिंकला. कप्तानाने रेडिओवर सांगितलं की तो मेसेज त्यांनी कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर चिकटवलाय, वाचला की डोकं फिरतं आणि पाय आपोआप पळतात. निवेदिकेने विचारलं, रोज बाजू मांडणाऱ्या कालेर्वोचे मेसेजही लावता का?

“कोण कालेर्वो?” कप्तान म्हणाला.

स्वयंपाकघरात कॉफीचा कप हातात धरून कालेर्वोने हे ऐकलं. सिल्वीने रेडिओ बंद केला. तिला फोनचं माहीत होतं. त्याला रडूच यायचं बाकी होतं. तरीही पुढच्या सामन्याच्या सकाळी वास्तववादीने पुन्हा लिहिलं, त्याच्या पुढच्या सामन्याच्याही सकाळी लिहिलं, आणि संघ दोन्ही सामने जिंकून अंतिम मालिकेत गेला. स्वतःच्या नावाने मात्र कालेर्वोने एक अक्षर लिहिलं नाही. उत्तर छापून आलं असतं तर शिवीची धार गेली असती.

आता गावभर झेंडे लागले होते. ज्यांना गोल कुठल्या जाळ्यात मारायचा हे ठाऊक नव्हतं, तेही डावपेच समजावून सांगत होते. पहिल्या सामन्याच्या सकाळी सौना गच्च भरलं होतं. गोलरक्षकाचा सख्खा काका एन्सिओ कालेर्वोच्या शेजारी बसला होता.

“लेका, बावीस वर्षं आमचे कान खाल्लेस,” तो म्हणाला. “आता खरी वेळ आली तर तोंडाला कुलूप? तो वास्तववादी रोज गरळ ओकतोय. तुझा विश्वास होता की नाही कधी?”

सगळे वळून बघायला लागले. कालेर्वोने दगडांवर पळीभर पाणी ओतलं. एन्सिओ इथून उठला की पुतण्याला फोन करणार, हे त्याला पक्कं माहीत होतं.

“नाही,” तो म्हणाला. “चार सामन्यांत गारद होणार आपण. आणि तुझ्या पुतण्याला जाळ्यापुढे उभं करण्यापेक्षा तिथे खुर्ची ठेवली असती तरी चाललं असतं.”

एन्सिओ उठला आणि बाहेर गेला. त्याच्यामागोमाग एकेक करून बाकीचेही गेले. वरचं अख्खं बाक कालेर्वोला मोकळं झालं.