नोकरी मीच सोडली

परदेशातली नोकरी सोडून भिंगारला घरी आले, तेव्हा कर्जतहून आत्या भेटायला आली. चहा घेता घेता तिने सरळच विचारलं, “काढलं व्हय गं तुला?”

“नाही आत्या, मीच सोडली.”

“लई काम हुतं का?”

“नाही.”

“मानसं वंगाळ हुती?”

“चांगली होती गं.”

“मग?”

आत स्वयंपाकघरात आईच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. तीही उत्तराची वाट बघत होती.

केनियात एका मोठ्या सरोवराकाठी माझी ती पहिली नोकरी. लहान मुलांना वारंवार जुलाब का होतात, घरात पिण्याचं पाणी कसं साठवतात, याचा अभ्यास चालला होता. तिथल्याच एका सहकारी बाईंबरोबर मी घरोघर जायचे. त्या त्यांच्या भाषेत प्रश्न विचारायच्या, मी पाण्याचे नमुने घ्यायचे. काम मनापासून आवडायचं.

एकदा एका घरी गेलो तर बाळ अगदी मलूल पडलेलं, डोळे खोल गेलेले. आम्ही त्याला आणि त्याच्या आईला आमच्याच गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला. सलाईन लागलं, बाळ वाचलं. पुढच्या वेळी गेलो तर ती आई हसत बाहेर आली आणि बाळ माझ्या मांडीवर देऊन चूल फुंकायला गेली. मी नमुन्याची बाटली बाजूला ठेवली आणि बाळाला घेऊन बसून राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी साहेबांनी करार वाढवण्यासाठी बोलावलं. ‘हो’ म्हणायचं ठरवूनच मी आत गेले होते. तोंडातून ‘नाही’ निघालं. साहेब चकित झाले. “घरी कुणी आजारी आहे का?” त्यांनी विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

इथे सगळ्यांना वाटतं, तिकडे काहीतरी वाईट पाहिलं असणार. पण मी तर एक बाळ वाचलेलं पाहिलं होतं. ते दगावलं असतं तर निदान सांगायला कारण मिळालं असतं, असं एकदा मनात आलं आणि माझी मलाच भीती वाटली.

मागच्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. जागा अजून रिकामी आहे, येतेस का? मी विचार करायला वेळ मागितला. बाबा कामावरून आल्यावर त्यांना सांगितलं. ते बूट काढत म्हणाले, “तुला जायचंय का? आमचं सोड.”

“माहीत नाही, बाबा.”

“बरं,” एवढंच म्हणून ते हातपाय धुवायला गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी फोन करून नकार कळवला. एकदम हलकं वाटलं. आईबरोबर बाजारात गेले, मेथी घेतली, पाणीपुरी खाल्ली. घरी येऊन मेथी निवडायला बसले आणि रडूच फुटलं. आईने काही न विचारता जुडी माझ्या हातातून घेतली. मी मोबाईलवर सरोवराचे फोटो बघत बसले. मला तिकडे जायचं होतं. आत्ता पुन्हा फोन आला असता तरी मी बहुतेक नाहीच म्हटलं असतं.