बाबांनी डिकीत बांधीची माती भरली

मंडळी, आत्ताच नागपूरहून बालाघाटला घरी पोचले. नखांत अजून माती आहे, पण आधी हे लिहिते.

माझे बाबा तिरोडीच्या खाणीतून रिटायर झाले. गोल्फ तिथेच साहेबांकडून शिकले. आता धान कापून झालं की रिकाम्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, खेळतात, नाहीतर वैनगंगेच्या रेतीत. दोन वर्षांपासून त्यांचा जवळचा शॉट बिघडला होता. "माहे हातच गेले, बाई," म्हणायचे.

म्हणून आज त्यांना नागपूरच्या दुकानात मापाचा वेज घ्यायला नेलं. वेज म्हणजे चेंडू थोड्या अंतरावर उंच उडवायचा क्लब. निघताना बघते तर डिकीत दोन पोती! एकात रेती, दुसऱ्यात बांधीतून धसकटांसकट खणलेल्या मातीच्या लाद्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानदाराने हिरवी चटई दाखवली. बाबा म्हणाले, "भाऊ, मी चटईवर नाही खेळत. मले माह्या जमिनीवर मारू दे."

दुकानाच्या मागच्या अंगणात आम्ही लाद्या मांडल्या, शेजारी रेती पसरली. बाबांचा जुना, जाड बुडाचा क्लब कडक मातीवर आपटून उसळला. पातळ बुडाच्या क्लबने चेंडू अलगद उचलला, पण रेतीत तोच क्लब रुतला. म्हणजे दोन वेज हवे होते: मातीला पातळ बुडाचा, रेतीला जाड बुडाचा. हात शाबूत होते!

मी पोती उचलायला वाकले, तर दुकानदार म्हणाला, "ताई, माती इथंच राहू द्या. चटईवर मले हे दिसलंच नसतं."

परतताना कटंगीला पोचलो. तेव्हा बाबा म्हणाले, "पोते तरी परत आणाचे होते वो."

तुम्हाला घरच्यांच्या कोणत्या पोत्याची अशी उगाच लाज वाटली होती?