मिलिंदची माणसं

मिलिंद रामटेके गेला त्याच्या आधीच्या शनिवारी मी त्याला भेटायला ब्रिस्टलच्या हॉस्पिसमध्ये गेलो होतो. केंब्रिजहून ट्रेन बदलत, मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा सांभाळत. त्याला आता काही खाता येत नाही हे ठाऊक होतं, तरी त्याच्याकडे रिकाम्या हातानं जायला जिवावर आलं. पलंगाशी ग्रेस बसली होती. ग्रेस मूळची केनियाची, ब्रिस्टलला कौन्सिलर आणि मिलिंदची जुनी मैत्रीण. मी वाकून म्हटलं, "मिल्या, मी श्री." त्यानं डोळे उघडले, छान हसला आणि काहीतरी बोलला... ते मराठी नव्हतं, इंग्रजीही नव्हतं. मी ग्रेसकडे पाहिलं. तो म्हणतोय, बस ना भावा, उभा का, असं तिनं मला इंग्रजीत सांगितलं. आजार मेंदूपर्यंत पोचल्यापासून तो स्वाहिलीच बोलत होता. तिशीत शिकलेली भाषा उरली आणि आईची गेली, असं कसं झालं ते डॉक्टरांनाही नीट सांगता येईना. मी बसलो. तासभर तो माझ्याशी मायेनं बोलत राहिला आणि मधे ग्रेस दुभाषी. उभ्या आयुष्यात त्यानं मला 'भाऊ' म्हटलं नव्हतं. त्याचं माझ्यासाठी 'अबे' ठरलेलं. म्हणजे त्यानं मला दुसरंच कुणीतरी समजलं होतं, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या त्याच्या माणसांपैकी एखादं. तो कोण ते मला माहीत नाही, पण त्याचा मला अजून हेवा वाटतो.

अशा लेखात गेलेल्या माणसाचे गुण सांगायचे असतात हे मला कळतं. पुरवणीच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, तुम्ही दोघं एकाच विषयातले, तेव्हा तुम्हीच लिहा. त्यांना काय माहीत, त्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. विषय एकच होता, आफ्रिका. मी त्यात नाव कमावलं आणि मिलिंदनं माणसं. नाव कमावणाऱ्याला माणसं कमावणाऱ्याचा हेवा वाटतो, उलट मात्र होत नाही. निदान मिलिंदच्या बाबतीत तरी कधी झालं नाही, आणि त्याचाही मला राग यायचा.

आम्ही पुण्याला एका वर्गात होतो. तो नागपूरचा, आंबेडकरी चळवळीत वाढलेला. मी सदाशिव पेठेतला. पुढे दोघंही स्कॉलरशिपवर लंडनला आलो आणि दोघांनीही आफ्रिकेचं राजकारण घेतलं. मी घेतलं कारण तिकडे भारतीय विद्यार्थ्यांची गर्दी कमी होती. तू का घेतलंस, असं मी त्याला युस्टनजवळच्या आमच्या थंडगार खोलीत विचारलं होतं. तो म्हणाला, त्यांच्या वस्तीत लहानपणी कॉलेजातले लोक प्रश्नावल्या घेऊन यायचे. आई त्यांना चहा करून द्यायची, ते तिचं सगळं विचारून घ्यायचे, आणि निघून जायचे. "काय लिहिलं ते दाखवायला एकबी परत आला नाही बे. आता आफ्रिकेबद्दल हे लोक बोलतात ना, तसंच आमच्याबद्दल बोलायचे. समस्या म्हणून." मला वाटलं, याच्याकडे कारण आहे आणि माझ्याकडे नुसता हिशेब. हेव्याची सुरुवात तिथून धरायला हरकत नाही.

पुढे मी लंडनच्या एका संस्थेत लागलो. आफ्रिकेचं सामरिक महत्त्व हा माझा प्रांत. बॅटरीला लागणारी खनिजं कुणाच्या ताब्यात जातील, हिंदी महासागरावरची बंदरं कोण बांधतंय आणि कोण चालवणार, कुठल्या देशात लष्कर उठेल आणि कुणाचा तळ हलवावा लागेल, संयुक्त राष्ट्रांत इतक्या सगळ्या देशांची मतं कुणाकडे झुकतील. जगातली सगळ्यात तरुण लोकसंख्या तिथे आहे, त्या पोरांना काम मिळालं नाही तर काय होईल, यावर मी मंत्र्यांपुढे बोलायचो. बरं बोलायचो, लोक लिहून घ्यायचे. मिलिंद एकदा ऐकायला आला होता. चहाच्या वेळी पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाच्या राजदूत बाई तरातरा पुढे आल्या. मी कोटाचं बटण लावलं. त्या माझ्या शेजारून जाऊन मिलिंदशी बोलायला लागल्या, कारण त्यानं शेवटी एकच प्रश्न विचारला होता: तुम्ही ज्याला महत्त्व म्हणता ते कुणाला वाटणारं? माझ्या भाषणाबद्दल त्या बाईंनी मला काय सांगितलं म्हणाल तर, "व्हेरी क्लिअर स्लाइड्स."

मिलिंदची काम करायची एक रीत होती, आणि तिच्यापायी तो कधी प्रोफेसर झाला नाही. जे लिहिलं ते, ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना, त्यांच्या भाषेत, त्यांच्या अंगणात बसून वाचून दाखवायचं. ते म्हणतील ते खोडायचं, सांगतील ते घालायचं, आणि मग छापायला द्यायचं. त्याचे अहवाल वर्ष वर्ष रखडायचे. युनिव्हर्सिटीत त्याला बोलणी बसायची. एकदा टांझानियाच्या किनाऱ्यावर, कोळ्यांच्या एका गावात, मी त्याच्याबरोबर होतो. तिथे मोठं बंदर व्हायचं होतं. मी बंदर कुठल्या देशाच्या हातात जाणार ते पाहायला गेलो होतो आणि तो गावाचं काय होणार ते. आंब्याखाली चटया टाकून गाव बसलं. मिलिंद वाचत होता, आणि एका म्हातारीनं हात वर करून त्याला थांबवलं. चांगली तणतणली ती. नंतर त्यानं मला सांगितलं, ती म्हणत होती, तू आम्हाला बिचारे करून ठेवलंस. बंदर नको असं आम्ही कधी म्हटलं? बंदर पाहिजे, आणि त्यात आमच्या मुलींना खुर्चीवर बसायची कामं पाहिजेत, झाडू मारायची नकोत, ते लिही. अख्खं एक प्रकरण गेलं. आईची गोष्ट सांगणारा मिलिंद स्वतःच त्या प्रश्नावलीवाल्यांसारखं करून बसला होता, आणि ते कळल्यावर त्याचा चेहरा पडला. मग गावानं त्याची इतकी चेष्टा केली, की तोही हसत सुटला. मी बाजूला नारळपाणी पीत होतो. माझी चूक काढावी असं तिथे कुणालाच वाटलं नव्हतं, कारण मी काय लिहितो याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. माझ्या लिखाणातलं लोक खोडतात ते फार तर स्वल्पविराम.

तो काही संत नव्हता, हेही सांगून टाकतो. पुस्तक नेलं की परत देणार नाही, वेळ दिली की पाळणार नाही, आणि माणसांवर भाळायचा. टांझानियाच्या शेजारच्याच एका देशात एक तरुण पुढारी निवडून आला तेव्हा हा आठवडाभर हवेत होता. मी म्हटलं, दोन वर्षांत हा विरोधकांना आत टाकेल. दोन वर्षंही लागली नाहीत. मला आनंद झाला, खोटं का बोलू... एका देशाचं वाटोळं झालं आणि मी केंब्रिजच्या स्वयंपाकघरात बसून जिंकलो. मीच त्याला फोन केला. मिलिंदचे दोन मित्र त्या तुरुंगात होते. तो म्हणाला, "तुझं बरोबर निघालं श्री. पण तुझं तिथं कोणी नाही ना, म्हणून तुला सोपं गेलं." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

आणि ते रविवार. रविवारी सकाळी मी फोन केला की पाच मिनिटांत हा म्हणायचा, "ठेवतो बे, माझी माणसं फोन करतील." वर्षानुवर्षं हेच. रविवारी सकाळी तिकडून फोन यायचे, आणि मी धरून चाललो होतो की ती त्याच्या कामाची माहिती. मनात म्हणायचो, बघा, याला बातमी घरबसल्या मिळते आणि आम्हाला पैसे मोजावे लागतात.

तो गेल्याचं शुभांगीवहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी एका बैठकीत होतो. अंत्यविधीला आमची मराठी माणसं होती, कार्डिफपासून बर्मिंगहॅमपर्यंतची. त्रिशरण-पंचशील झालं. पण हॉल भरला होता तो दुसऱ्यांनीच. नर्सेस, बसचालक, एक निवृत्त न्यायाधीश, देश सोडून यावं लागलेला एक पत्रकार, सगळे आफ्रिकेतले, सगळे रडत होते आणि प्रत्येक जण सांगत होता की मिलिंद आपला सगळ्यात जवळचा. एका गृहस्थांनी माझा हात हातात घेऊन प्रेमानं विचारलं, "अँड हाऊ डिड यू नो हिम?" युस्टनच्या खोलीत एका ब्लँकेटमध्ये हिवाळा काढला, हे मी त्यांना काय सांगणार? म्हटलं, "फ्रॉम कॉलेज." आयुष्यभर त्याच्या आफ्रिकेचा हेवा केला, आणि त्या दिवशी आफ्रिकेला तो मिळाला म्हणून हेवा केला. सांत्वनाच्या रांगेत लोक वहिनींना भेटून पुढे जात होते. मी भिंतीशी उभा होतो, तिथे थांबायचं कुणालाच काही कारण नव्हतं.

परवाच्या रविवारी पुन्हा ब्रिस्टलला गेलो. वहिनींना त्याची पुस्तकं लावायला मदत हवी होती. त्याची खोली वरच्या मजल्यावर, मागच्या बागेकडे तोंड करून. आम्ही खोकी भरत होतो आणि टेबलावरचा टॅबलेट वाजायला लागला. वहिनींनी हात पुसले, त्याच्या खुर्चीत बसल्या आणि चक्क स्वाहिलीत बोलायला लागल्या. मोडकीतोडकी, मधेच इंग्रजी, मधेच "अगं बाई". हसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. मी विचारलं, अजून कामाचे फोन येतात? त्या म्हणाल्या, "कामाचे? कामाचं कधी बोललेच नाहीत हो ते, श्रीभाऊ. जेवलात का, झोप लागली का, गुडघा कसा आहे, हेच. यांनाही हेच विचारायचे. आता मला विचारतात, दर रविवारी." आणि मग म्हणाल्या, तुम्ही आलाय म्हटल्यावर सलिमूला तुमच्याशी बोलायचंय.

सलिमू त्या कोळ्यांच्या गावातल्या शाळेत मास्तर, त्याला इंग्रजी येतं. गावानं मिलिंदसाठी चटया टाकून दुखवटा पाळला, मशिदीत दुवा मागितली, असं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, वहिनींना फार बरं वाटेल. तो म्हणाला, तिच्याशी झालं माझं बोलून, आता तुझ्याशी बोलतोय. तू त्याचा सगळ्यात जुना ना? त्यांच्याकडे म्हणे ज्याचं ज्याचं माणूस गेलं त्या प्रत्येकाला वेगळं विचारावं लागतं. नुसतं घरच्यांना विचारलं तर बाकीच्यांचं दुःख तसंच राहतं. मग त्यांच्या सांत्वनाच्या शब्दानं सुरुवात करून तो म्हणाला, "पोले, ब्रदर श्री. आर यू स्लीपिंग? हॅज एनीवन आस्क्ड यू?"

कुणी विचारलं नव्हतं. मी 'आय ॲम फाइन' म्हणायला तोंड उघडलं आणि हॉस्पिसपासून अडलेलं सगळं बाहेर आलं... पडद्यावर तो माणूस शांत बसून होता, त्याला कसली घाई नव्हती. वहिनी खाली चहा टाकायला निघून गेल्या. माझं रडून झाल्यावर सलिमू म्हणाला, पुढच्या रविवारी केंब्रिजला फोन करतो, नंबर सांग. मी नंबर सांगितला, आणि सांगतानासुद्धा मनात पहिला विचार आला तो हाच, की या मिल्याला हे दर रविवारी मिळत होतं.