शहापूरचं स्थळ

माझा भाचा आप्पा मला आपणहून कधी देवळातसुद्धा नेत नाही. तो म्हणाला, "मावशी, चल, बेळगाव दाखवतो," तेव्हाच मला संशय आला. मोटार निपाणी सोडून तवंदीच्या घाटाला लागली आणि त्याच्या तोंडातून खरं बाहेर पडलं. बेळगावला लागून असलेल्या शहापुरात त्यानं मुलगी हेरली होती. जात आमचीच, लिंगायत; पण घर कानडी. आई गेल्यावर त्याला मी वाढवलं, म्हणून होकार माझा हवा होता.

"म्हणजे बेळगाव नुसतं निमित्त," मी म्हणाले.

"न्हाय गं, बेळगावपण दाखवतो की."

दाखवलं. किल्ल्याचा खंदक पाहिला. आत कमलबस्ती नावाचं जैनांचं देऊळ आहे. छताला दगडाचं कमळ उलटं टांगलेलं. इतकी वर्षं पडलं नाही म्हणतात, तरी मी त्याच्याखाली उभी राहिले नाही. इंग्रज गेल्यावर कचेरीवर नवा झेंडा लागला होता. आप्पा छाती फुगवून म्हणाला, "बघ, आता मराठी-कानडी काय उरलं न्हाय. सगळे एका देशाचे."

टांगेवाला हसला. "तसं झालं तर बरंच की. पर आक्का, बेळगाव महाराष्ट्राकडं जाणार का कर्नाटकाकडं?"

"तुला काय वाटतं?"

"मला दोन्हीकडची गिऱ्हाइकं पायजेत."

शहापूर संस्थानात येतं. रस्त्याच्या अलीकडं सरकारी मुलूख, पलीकडं राजाचा. माती दोन्हीकडं सारखीच होती. मी खाली वाकून बघितली.

घरात माग चालू होता. "बर्री, कुंद्रर्री (या, बसा)," मुलीची आजी म्हणाली आणि तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मीही तिला न्याहाळलं. लिंगपूजा झाल्याशिवाय मी काही खात नाही. ते सांगायच्या आत मुलीनं पाट, पाणी, विभूती मांडली. पढवून ठेवली असणार, असं मला वाटलं. पूजेनंतर भाकरी आणि पुंडीपल्या (अंबाडीची भाजी) वाढली. भाजी चांगली होती.

जेवणानंतर आजीनं आप्पाला कानडीत काहीतरी विचारलं. तो नुसता हसला. मग ती माझ्याकडं वळून मराठीत म्हणाली, "तुमच्या पोराला आमची भाषा येती म्हनं. किती येती?"

"तंबाखूचा भाव करण्यापुरती."

"आन तुम्हाला?"

"तेवढीच."

"मग पोरीच्या पोटात दुखलं, मनात दुखलं, तर तिनं कुणाला सांगायचं?"

"मी मराठी शिकीन, अज्जी," मुलगी मोडक्या मराठीत हळूच म्हणाली.

"तूच का शिकायचं?" आजी कडाडली.

ह्या म्हातारीचाही आमच्यावर संशय होता. तेव्हा कुठं मला घर पसंत पडलं.

परतीच्या मोटारीत आप्पानं विचारलं, "होकार कळवू?"

"आधी कानडी शीक. दिवाळीनंतर परत जाऊ. म्हातारी विचारील, तू उत्तर द्यायचं."

"मावशी, आता देश एक झाला..."

"झाला असेल. पोर देशात नांदायला येत न्हाय, आपल्या घरात येणार हाय."

 निपाणीच्या नाक्यावर उतरताना मी विचारलं, "पोटात दुखतंय, ह्याला कानडीत काय म्हणतात रं?"

त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. सारा जन्म कानडी शेजारणींत गेला. आम्ही एकमेकींना भाव विचारले, दुखणं कधी विचारलं नाही.