पुसलेल्या कोडाविषयी जावईबापूंस

अर्जदार : मी स्वतः, वय बावन्न, शिक्षण नववीपर्यंत, व्यवसाय शहाद्यात कचेरीबाहेर अर्ज लिहिणे. सामनेवाले : जावईबापू, तोरणमाळच्या आश्रमशाळेत शिक्षक, जीपचे मालक व चालक. साक्षीदार : माझी पत्नी व मुलगी. घटना : दिवाळीनंतर, तोरणमाळचा घाट उतरताना. घरची बाब असल्याने नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत.

मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, म्हणून तिला आणण्यास आम्ही उभयता वर गेलो होतो. तिला आठवा महिना सरत आला होता. निघताना जीपमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला मी पाहिला. जावईबापूंनी स्टिअरिंगखाली बिघाडाचा कोड वाचणारा एक लहानसा स्कॅनर खोचला, मोबाईलवर बोट फिरवले आणि दिवा गेला.

"बघा मामा, कोड उडवला."

"पण तो आला कशाबद्दल होता?"

"कुठल्याशा सेन्सरचा. येतो कधीकधी. तुम्ही तर गाडीलाही पुढची तारीख द्याल!"

मुलगी हसली. मी हसलो नाही. अर्ज फाडल्याने कोणाचा बांध परत मिळाल्याचे मी आजवर पाहिलेले नाही.

घाटाच्या मध्यावर, उजवीकडे दरी असताना, इंजिन बंद पडले. दिवा पुन्हा लागला. ब्रेकचे पेडल दगडासारखे झाले, स्टिअरिंग जड झाले, जीप मात्र उतरतच होती. पत्नी ओरडली, "देवा, मन्ही पोरले वाचाड!" मुलगी ओरडली नाही. तिने दोन्ही हातांनी पोट धरले होते. तिचे ते गप्प राहणे मला अजून झोपेतून उठवते. जावईबापूंनी गिअर टाकून जीप डोंगराच्या अंगाला घासत नेली, तेव्हा कुठे ती थांबली.

थोड्या वेळाने इंजिन काहीच घडले नसल्याप्रमाणे सुरू झाले. मी खाली उतरून चाकाला लावण्याजोगा एक दगड उचलला व तो मांडीवर घेऊन बसलो. शहादा येईपर्यंत मी तो सोडला नाही.

शहाद्याच्या मिस्तरीने स्कॅनर लावला, कोड वाचला, पण पुसला नाही. बॉनेट उघडून डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा सॉकेट त्याने ओढून काढला. आत हिरवट बुरशीसारखे काही साचले होते.

"काका, इंजिनवर नारयनं पानी कोनी टाकं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. दसऱ्याला आम्ही सर्व वर होतो. जीपची पूजा करताना बॉनेट उघडून नारळ फोडला गेला होता.

"मी टाकं," पत्नी म्हणाली. "पोर सुखरूप येवाले पाहिजे म्हनीसन."

मिस्तरी हसला. "मावशी, दसराले टायरवर टाकत जा. टायरले कोड येत नही."

त्याने सॉकेट बदलला, तारा साफ केल्या, मग कोड पुसला आणि जीप ब्राह्मणपुरी गावापर्यंत पळवून आणली. दिवा लागला नाही. पुढे मुलगी सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला, आणि माझी भीती निवू लागली होती.

परंतु काल सायंकाळी जावईबापू मुलीला व बाळाला नेण्यास आले. अंगणात जीपमध्ये वाकून ते स्टिअरिंगखालून काहीतरी काढत होते. मोबाईल हातात होता.

"काय करता?"

"काही नाही मामा, सहज."

रात्री मी टॉर्च घेऊन जीपजवळ गेलो. गाडी बंद, त्यामुळे दिवाही विझलेलाच होता. पण दिवा नुसता विझलेला असणे म्हणजे काय, हे त्या घाटाने मला शिकवले आहे.

सबब विनंती की, काल कोड आला होता किंवा नाही, आला असल्यास कोणता, व तो पुसण्यापूर्वी वाचला होता काय, याचे खरे उत्तर निघण्यापूर्वी मिळावे. उत्तर येईपर्यंत बाळाची झोळी उतरविली जाणार नाही. आपल्याला राग आला तरी चालेल. उत्तर तोंडी दिले तरी चालेल.