आवाज नसलेली दंडार

बाबांचं स्वरयंत्र काढावं लागेल, उशीर केला तर घशातली गाठ पसरेल, असं नागपूरच्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं. घरात शिकलेला मीच. मला शिकवायला राबलेल्या माणसाला, तुमचा आवाज जाणार आहे, हे मीच परतीच्या गाडीत सांगितलं. बिडीची सवय आठवली असावी, बाबांनी नुसता खिसा चाचपला आणि म्हणाले, "बरं."

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा भरे; तिथं आमच्या गावची माणसं दंडार, नाचगाण्याचा खेळ, करत, आणि तिच्यात बाबा गात. त्या वर्षी त्यांचा आवाज चिरकत होता, तरी गायले. चुलतभावानं मोबाइलवर तीन तुकड्यांत ते टिपलं, फाइली माझ्या कॉम्प्युटरवर टाकल्या आणि फोन घेऊन तो रायपूरला कामावर गेला. ते तुकडे जोडून सीडी करावी, घरात आवाज राहील, असं मी ठरवलं. कॉम्प्युटरला स्पीकर नव्हते. नुसती चित्रं बघून मी तुकडे जोडले.

मंगळवारी ऑपरेशनसाठी नागपूरला निघायचं होतं. रविवारी दुपारी मी शिकवतो त्या शाळेतून स्पीकर मागून आणले. बाबा, आई, आत्या, शेजारचे काका सगळे ओटीवर बसले. पडद्यावर बाबांनी कानावर हात ठेवला, मानेच्या शिरा ताणल्या, तोंड उघडलं. आवाज नाही.

"मास्तर, मुक्या दंडारीत बीए केलं का रे?" काका म्हणाले. थोडे जण हसले. मी कॉम्प्युटरमधलं दुसरंच एक गाणं लावून पाहिलं, ते खणखणीत वाजलं. मग कोणीच हसलं नाही.

आत्या उठून उभी राहिली. "पाहून घ्या. देवानं आधीच दाखवलं. कायले नेऊन राहिले त्याले मरायले?"

"आत्या, फाइलची गोष्ट आहे ही."

"दुसरं गाणं काऊन वाजलं मग?"

बाबा पडद्याकडेच बघत होते. "मी नाही जात नागपूरले," ते म्हणाले आणि आत गेले.

त्या संध्याकाळी मी मोबाइलवरून आलेल्या एका मूळ फाइलच्या नावाची शेवटची अक्षरं बदलली. आमच्याकडे अर्जावरचं नाव दुरुस्त केलं की काम होतं. मला वाटलं, इथंही होईल. फाइल उघडेचना. चित्रही गेलं. दुसरी प्रत नव्हती. जुनं नाव जसंच्या तसं परत टाकलं, तेव्हा बाबांचं उघडं तोंड पुन्हा दिसलं, तसंच मुकं.

सोमवारी पेन ड्राइव्हवर फाइली घेऊन गोंदियाला गेलो. सायबर कॅफेवाला बघताच म्हणाला, "भैया, मोबाइल का साउंड अलग टाइप का रहता है. आपका प्रोग्राम उसको पढ़ता ही नहीं. पहले कन्वर्ट करो, फिर जोड़ो." त्यानं फाइल बदलून देणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून दिला. घरी येऊन तो लावला. अर्ध्यावर वीज गेली. आत्या दारातच बसली होती. तिनं विझलेल्या बल्बकडे बघितलं. तासाभरानं वीज आली, मी पहिल्यापासून सुरुवात केली.

आवाज आला. पहिले दोन तुकडे नीट जुळले; तिसऱ्यात ओठ पुढे आणि आवाज मागे. ते जुळवायला वेळ नव्हता. मी तसंच लावलं आणि बाबांना हाक मारली.

शेवटी पडद्यावरच्या बाबांनी तोंड मिटलं, हात खाली घेतला, आणि त्यानंतरही त्यांचा तो चिरका सूर क्षणभर चालू राहिला.

"तोंड मिटलं," आत्या हळूच म्हणाली, "तरी येऊन राहिला."

ती आता काय अर्थ लावणार?

बाबांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग अजून एकदा. तिसऱ्यांदा ते पडद्याकडे न बघता, डोळे मिटून ऐकत होते. "पिशवी भर माझी," ते आईला म्हणाले.

ती जोडणीतली चूक आहे, हे मी कोणालाच सांगितलं नाही.

सकाळी सालेकसा स्टेशनपर्यंतच्या वाटेवर, घसा दुखत असूनही, बाबा भेटेल त्याला थांबवून बोलत होते. गाडीची वेळ होत आली होती. मी पिशवी धरून उभा होतो, आणि त्यांना चला म्हणायचं धाडस मला होत नव्हतं.