भाकरी वाजेल असं घर

सोलापुरात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जेवढी घरं बांधली गेली, त्यातल्या निम्म्या घरांत माझे मामेसासरे मालकाच्या आधी राहून आलेले आहेत. 'निम्म्या' हा शब्द मी जपून वापरतेय. त्यांना विचाराल तर ते 'सगळ्या' म्हणतील. विजापूर रस्त्यानं स्कूटरवरून जाताना ते दोन्ही हातांचे बंगले ओळखीचे असल्यासारखे दाखवत जातात. "हितं आमी दोन रविवार होतो. ह्या घरात दुपारचं ऊन लई येतं. त्याचं स्वयंपाकघर झकास हाय, पर देवघर चुकलंय बघा." मागं बसलेल्या माणसाला वाटावं, हा गृहस्थ एक तर मोठा जमीनदार असणार, नाहीतर घरफोड्या. प्रत्यक्षात मामा एका शाळेच्या कार्यालयात हेडक्लार्क होते आणि सबंध नोकरी त्यांनी पूर्व भागातल्या दोन भाड्याच्या खोल्यांत काढली.

त्या खोल्यांची मागची भिंत आणि यंत्रमागाच्या एका कारखान्याची पुढची भिंत एकच होती. दिवसभर पलीकडे चादरी विणल्या जात आणि अलीकडे मामांच्या फळीवरचे पेले थरथरत कडेला येत. संध्याकाळी ते परत भिंतीशी सरकवून ठेवायचे, हे मामांचं रोजचं काम होतं. मामी त्याच कारखान्यात कांड्या भरायला जायच्या, म्हणजे मागाच्या धोट्यात जे सूत लागतं ते गुंडाळायला. तिथून घरी आल्या तरी खटखट तीच. एवढ्या आवाजात संसार केल्यामुळे दोघांनाही हळू बोलणं म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. माझ्या लग्नाच्या पंगतीत मामांनी मामींच्या कानाशी लागून सांगितलं, की व्याह्यांनी आमटीत हात आखडता घेतलाय. ते मांडवाबाहेरच्या आचाऱ्यालासुद्धा ऐकू गेलं, आणि मग आमटीचं दुसरं पातेलं आलं. माझे वडील अजून तो प्रसंग विसरलेले नाहीत.

बांधकामावर राहायला जायची सवय त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षी लागली. कारखान्याला सुट्टी होती, दोघं पायी फिरायला निघाले होते आणि ऊन असह्य झालं म्हणून एका अर्धवट घरात शिरले. नुसता स्लॅब पडलेला, दारं-खिडक्यांच्या जागी भोकं. मामी पुढच्या खोलीत वारा घेत बसल्या. भूक न आवरून मामांनी आतल्या खोलीत डबा उघडला आणि कडक भाकरी मोडली. आमच्याकडची कडक भाकरी पापडासारखी पातळ आणि खरपूस असते, महिनाभर टिकते आणि मोडली की कटकन वाजते. तर ती वाजली, आणि पुढच्या खोलीतून मामींचा आवाज आला, "अय्यो, माझ्याबिगर सुरू केलं व्हय?"

मामा सांगतात, ते तसेच उभे राहिले. बायकोला आपली भाकरी दुसऱ्या खोलीतून ऐकू आली, ही गोष्ट त्यांच्या घरात होणं शक्यच नव्हतं. तिथं स्वतःच्या तोंडातली भाकरीसुद्धा ऐकू येत नसे. "त्या दिवशी मला कळलं, घर म्हंजे काय," असं ते मला म्हणाले होते. मी नवीन सून होते, म्हणून मान डोलावली. घर म्हणजे काय याबद्दल माझ्या कल्पना वेगळ्या होत्या आणि त्यांत नळाला रोज पाणी हा मुद्दा बराच वर होता.

तेव्हापासून दर सुट्टीला दोघं डबा घेऊन निघत आणि कुठल्या तरी बांधकामावर एक दुपार संसार करून येत. वॉचमन आणि गवंडी त्यांना ओळखायला लागले होते. डब्याचेही नियम ठरलेले. घर नुसत्या स्लॅबचं असेल तर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वरून तेल. गिलावा झालेला असेल तर धपाटे आणि दही. फरशी बसली असेल तर शेंगापोळी, कारण फरशी बसलेल्या घरात गोड खाल्ल्याशिवाय जाऊ नये असं मामींचं मत. पण डब्यात काहीही असलं तरी एक कडक भाकरी परीक्षेसाठी असायचीच. मामींनी पुढच्या खोलीत बसायचं, मामांनी स्वयंपाकघरात उभं राहून भाकरी मोडायची आणि पुढून "माझ्याबिगर सुरू केलं व्हय?" असं आलं की घर पास. मग पोटभर जेवायचं आणि पुढचा बेत करायचा. खाट इथे, शिलाईमशीन खिडकीशी, मागे शेवग्याचं झाड, व्हरांड्यात झोपाळा. झोपाळ्यावरून एकदा असं वाजलं, की दोघं तीन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. मामींना लाकडी हवा होता, मामांना लोखंडी. ते घर एका डॉक्टरांचं होतं आणि त्यांनी तिथे पुढे मोटार लावली.

एकदा मात्र खरा मालक आला. टेंभुर्णीचा व्यापारी, बायकामुलांसकट गाडीतून उतरला. आत येतो तर त्याच्या दिवाणखान्यात सतरंजी अंथरलेली आणि मामा मांडी घालून बसलेले. मामांनी त्याला पाहिलं आणि मोठ्या अगत्यानं म्हणाले, "या, या. चपला तेवढ्या भायेर काढा, फरशी नवी हाय." त्यानं निमूट काढल्या. मामी अक्कलकोटकडच्या, पाहुणा दिसला की त्यांच्या तोंडी कानडी येते. "बसा की, ऊटा माड्री, जेवा," म्हणून त्यांनी त्याच्या हातात शेंगापोळीही ठेवली. अर्धी पोळी पोटात गेल्यावर त्या गृहस्थानं विचारलं, "पण आपण कोण?" मामा म्हणाले, "आमी हितं राहून बघतोय. तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी लहान हाय. वाढवून घ्या." त्यानं खरोखरच वाढवून घेतली आणि वास्तुशांतीला या दोघांना आग्रहाचं बोलावणं केलं. जेवून आल्यावर मामा आठवडाभर कुरकुरत होते, की त्या लोकांनी आमच्या खाटेच्या जागी फ्रीज ठेवलाय.

मग स्वतःचं घर का नाही घेतलं, असं कुणीही विचारेल. माझ्या नवऱ्यानं शंभरदा विचारलं. सुरुवातीला पैसे नव्हते हे खरं, पण पुढे होते. मला विचाराल तर दर सुट्टीला नवं घर मिळत असताना एकाच घरात कायमचं जाऊन बसणं मामांना परवडणारं नव्हतं. मूलबाळ नव्हतं, कुणाची घाई नव्हती. मामींनीही कधी हट्ट धरला नाही. त्या म्हणायच्या, "घेऊ की. घरं कुटं पळून चाललीत?"

घरं पळाली नाहीत. पण कारखान्याच्या मालकानं जागा विकायला काढली, खोल्यांसकट, आणि दिवाळीच्या आत सोडा म्हणून सांगितलं. आणि त्याच उन्हाळ्यात मामींचे कान जायला लागले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कारखान्यात काम केलंय का?" त्यांनी कानाचं मशीन दिलं. मामींनी ते दोन दिवस लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. ते लावलं की डोक्यात माग सुरू होतात, म्हणाल्या. एकदा मी मामांच्या मागे स्कूटरवर बसले होते, तेव्हा वळून न बघता म्हणाले, "सूनबाई, तिला भाकरी ऐकू येतीया तवर घर झालं पायजे."

मग घर बघण्याची जी मोहीम सुरू झाली, तीत नवऱ्याला नोकरी असल्यामुळे आणि मला शाळेची उन्हाळी सुट्टी असल्यामुळे मी सापडले. सोलापूरच्या उन्हात भर दुपारी आम्ही फ्लॅट, रो-हाऊस, बंगले हिंडलो. एजंट चटईक्षेत्र आणि वाहनतळ समजावून सांगायचा आणि मामा पिशवीतून भाकरी काढायचे. एजंट माझ्याकडे बघायचा. मी छताकडे बघायचे. भाकरी वाजायची, पुढून काही यायचं नाही, आणि मामा घरावर खापर फोडायचे. हे घर पोकळ हाय. ह्या फरशा आवाज गिळतात. ह्याची भिंत लई जाड, ही काय जेलची हाय काय! घरागणिक भाकरीचे तुकडे मोठे आणि मामांचा आवाज बारीक होत चालला. नापास घरं होत नव्हती, हे एजंट सोडून आम्हा सगळ्यांना कळत होतं.

होटगी रस्त्याकडच्या एका रो-हाऊसमध्ये ते घडलं. घर चांगलं होतं, मागे शेवग्यापुरती जागासुद्धा होती. मामी पुढच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसल्या, मामा आत गेले आणि मी दोघांच्या मधल्या बोळात उभी होते, तिथून मला दोघंही दिसत. मामांनी भाकरी काढली, वरचा कागद सोडवला, दोन्ही हातांत धरली. आणि त्यांनी ती मोडायच्या आधीच पुढून मामींचा खणखणीत आवाज आला, "अय्यो, माझ्याबिगर सुरू केलं व्हय?"

मामा अख्खी भाकरी हातात धरून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्यांनी भाकरी परत कागदात गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि एजंटला म्हणाले, "हे घर न्हाय पायजे." मामी वैतागल्या. पास झालेलं घर का नको, म्हणून रिक्षात बसेपर्यंत भांडल्या. मामांनी ऐकून घेतलं. मला घरी सोडताना दारात तेवढं म्हणाले, "माझ्यासाठी खोटं बोलायला लागली. इतक्या वर्षांत कधी न्हाय बोलली."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी घर घेतलं. जुळे सोलापूर वसाहतीत, लिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, एवढंसं. एकच लांबट खोली, एका टोकाला ओटा, दुसऱ्या टोकाला खिडकी, आणि मधे भिंतच नाही. माझ्या नवऱ्याला ते मुळीच आवडलं नाही. जन्मभर लोकांच्या बंगल्यांत खिडक्या वाढवणाऱ्या माणसानं असली खोली घ्यावी, म्हणून तो बरंच बोलला.

गृहप्रवेशानंतर पाहुणे गेले आणि आम्ही चौघंच उरलो. मामी खिडकीशी पाठमोऱ्या बसून सतरंज्यांच्या घड्या घालत होत्या. मामा ओट्याशी गेले आणि त्यांनी भाकरी मोडली. चांगली वाजली. मामी घड्या घालत राहिल्या. मामा चार पावलं पुढे आले आणि दुसरी मोडली. मग अगदी मामींच्या मागे उभं राहून तिसरी. माझ्या नवऱ्यानं माझा हात धरला.

मामा मग खाली, मामींच्या शेजारी बसले. पिशवीतली शेवटची भाकरी काढली आणि तिची कड मामींच्या बोटांत दिली. मामींनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग ओट्यापासून आपल्यापर्यंत सांडलेल्या तुकड्यांकडे. त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी दोन्ही अंगठे रोवले आणि भाकरी मोडली. क्षणभर बोटांकडे बघत राहिल्या.

"वाजली," त्या म्हणाल्या. "हातात वाजली की हो!"

"मग? घर पास?" मामांनी विचारलं. ते मामींना ऐकू गेलं नाही. त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं. समोर कुणाचं तरी बांधकाम चाललं होतं, दुसरा स्लॅब नुकताच पडला होता. "अहो, तिकडं बघा की. जिना कुटं काढलाय त्यांनी! रविवारी जाऊ या तितं."

"जाऊ की!" मामा ओरडले. समोरच्या स्लॅबवरच्या गवंड्यानं वळून पाहिलं.

ते अजूनही जातात. जिना चढताना मामींचा गुडघा दुखतो, म्हणून हल्ली तळमजल्यावरच राहून येतात. मला कधीमधी त्यांच्याकडे दुपारी जेवायला थांबावं लागतं. शेंगाची चटणी असते, दही असतं, तेलाची वाटी असते. भाकरी मात्र आता मामीच मोडतात, दोघांचीही. भूक कितीही लागलेली असली तरी मामा ताट पुढे करून बसून राहतात. मामींशिवाय सुरू करत नाहीत.